टी एक्स्टेंड्स नंबर: टाइप बाउंड वाचायचा कसा

जाव्हाचं कुठलंही पुस्तक उघडा, जेनेरिक्सच्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं: ‘टी एक्स्टेंड्स नंबर’ म्हणजे टी हा नंबरचा उपप्रकार असला पाहिजे. वाक्य बरोबर आहे. तरी ते वाचून कोड लिहायला बसलेला नवा माणूस लगेच अडतो. खुद्द नंबर चालतो की नाही? कंपेरेबल हा इंटरफेस आहे, मग तिथे ‘इम्प्लिमेंट्स’ लिहायचं का? आणि इंटिजर हा नंबरचा उपप्रकार असेल, तर नंबरची लिस्ट मागणाऱ्या मेथडला इंटिजरची लिस्ट दिल्यावर कंपायलर का ओरडतो?

या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत. अडचण अशी की, बहुतेक डॉक्युमेंटेशन टीवरच्या अशा अटीकडे, म्हणजे बाउंडकडे, एकाच बाजूने बघतं: काय चालणार नाही, एवढंच सांगतं. बाउंडमुळे काय करता येतं, ही दुसरी बाजू वाचणाऱ्याने आपली आपण ओळखायची. (पुढचा कोड आपण बोलतो तसा देवनागरीत लिहिला आहे. कंपायलरला तो अर्थातच पचणार नाही.)

आधी बाउंड नसताना काय होतं ते बघू. आपल्याला एक मेथड लिहायची आहे. आकड्यांची लिस्ट घ्यायची आणि बेरीज परत द्यायची. लिस्ट इंटिजरची असेल, डबलची असेल, लाँगची असेल, म्हणून आपण टाइप पॅरामीटर घेतला, टी. मेथडच्या आत लिस्टमधून एकेक टी बाहेर काढायचा आणि त्याच्यावर ‘डबलव्हॅल्यू’ मेथड बोलवून बेरजेत मिळवायचा. कंपायलर इथेच थांबवतो: टीला डबलव्हॅल्यू नावाची मेथड सापडत नाही. त्याचं म्हणणं रास्त आहे. आपण त्याला टीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. उद्या कोणी स्ट्रिंगची लिस्ट देईल, कोणी थ्रेडची. काहीच माहीत नसेल तेव्हा टीला फक्त ऑब्जेक्टच्या मेथड मिळतात: टूस्ट्रिंग, इक्वल्स, हॅशकोड वगैरे. त्यांच्यावर बेरीज होत नाही.

आता मेथडच्या तोंडाशी टीऐवजी ‘टी एक्स्टेंड्स नंबर’ लिहिलं. दोन गोष्टी एकदम घडल्या. मेथड बोलवणाऱ्यावर बंधन आलं: स्ट्रिंगची लिस्ट आता चालणार नाही. आणि मेथड लिहिणाऱ्याला मुभा मिळाली: टी कुठलाही असो, त्याच्यावर डबलव्हॅल्यू बोलवता येईल, कारण ती नंबरमध्ये आहे. हे बंधन त्या मुभेची किंमत आहे. मेथडच्या आत जी मुभा कुठेच वापरलेली नाही, तिच्यासाठी बाहेरच्याला अडवणारा बाउंड जास्तीचा आहे आणि तो काढून टाकावा. कोड रिव्ह्यू करताना ही एकच कसोटी लावली तरी निम्मे बाउंड गळतील असं मला वाटतं.

खुद्द नंबर चालतो का? चालतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘किमान बारावी पास’ लिहिलेलं असतं तसाच हा प्रकार आहे. पदवीधर चालतो, आणि नुसता बारावी झालेलाही चालतो. टाइपच्या शास्त्रात प्रत्येक टाइप स्वतःचाही उपप्रकार मानतात, पण हे गृहीतक वाचणाऱ्याला माहीत असेलच असं नाही. ‘नंबर किंवा त्याचा उपप्रकार’ एवढे दोन शब्द जादा लिहिले की प्रश्न मिटतो. जाहिरातीवरून आणखी एक गोष्ट कळते. पदवीधर आला म्हणून मालकाला त्याच्याकडून पदवीचं काम गृहीत धरता येत नाही. त्याने जाहिरातीत बारावीच मागितली होती. तसंच मेथडच्या आत: प्रत्यक्षात इंटिजर आला तरी फक्त इंटिजरकडे असलेल्या मेथड टीवर बोलवता येत नाहीत. जेवढं बाउंडमध्ये मागितलं, तेवढंच हातात.

‘एक्स्टेंड्स’चं उत्तर तर एका ओळीचं आहे. बाउंडमध्ये हा शब्द क्लाससाठीही आणि इंटरफेससाठीही वापरतात. ‘इम्प्लिमेंट्स’ तिथे येतच नाही. जाव्हाच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण लोक ट्युटोरियल न वाचता थेट कोडमध्ये उतरतात. एकापेक्षा जास्त बाउंड हवे असतील तर मध्ये ‘अँड’चं चिन्ह टाकायचं, कारण स्वल्पविराम दोन वेगळे टाइप पॅरामीटर वेगळे करायला आधीच खर्ची पडलेला आहे. त्यांत क्लास एकच असू शकतो आणि तो पहिला लिहावा लागतो, बाकी सगळे इंटरफेस. हा क्रम नुसता शिस्तीचा नाही. त्याचा परिणाम पुढे दिसेल.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे जरा थांबायला हवं. नंबरची लिस्ट मागणाऱ्या मेथडला इंटिजरची लिस्ट का चालत नाही?

समजा चालली. मेथडला वाटतंय की आपल्या हातात नंबरची लिस्ट आहे. नंबरच्या लिस्टमध्ये ३.१४ टाकायला कोणाची हरकत असणार? मेथडने टाकलं. बाहेर मात्र ज्याची ती लिस्ट आहे तो तिच्यातून इंटिजर निघेल या भरवशावर बसलेला आहे. त्याच्या हातात ३.१४ येणार. जाव्हाच्या ॲरेमध्ये हा घोटाळा पहिल्यापासून आहे. इंटिजरचा ॲरे नंबरच्या ॲरेच्या व्हेरिएबलमध्ये ठेवता येतो, कंपायलर चकार शब्द काढत नाही, आणि मग त्यात ३.१४ टाकायला गेलं की प्रोग्राम चालू असताना ‘ॲरेस्टोअरएक्सेप्शन’ फेकला जातो. जेनेरिक्स जाव्हात आले २००४ साली, पाचव्या आवृत्तीत, आणि त्यांनी हे दार बंद केलं. इंटिजर हा नंबर आहे, पण इंटिजरची लिस्ट ही नंबरची लिस्ट नाही.

पण मग नुसतं वाचायचं असेल तर? बेरीज करणारी मेथड लिस्टमध्ये काही टाकत नाही, तिला का अडवायचं? त्यासाठी प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे वाइल्डकार्ड. ‘लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर>’ म्हणजे कुठल्यातरी एका टाइपची लिस्ट. तो टाइप नंबर किंवा त्याचा उपप्रकार आहे, पण नेमका कुठला ते आपल्याला सांगितलेलं नाही. ‘सांगितलेलं नाही’ हे महत्त्वाचं. अनेकजण याचा अर्थ ‘काहीही भरता येईल अशी लिस्ट’ असा घेतात आणि ॲड करायला जातात. कंपायलर नाही म्हणतो. ती लिस्ट आतून डबलची असेल, तर तिच्यात इंटिजर कसा टाकू देणार? साधा नंबरसुद्धा टाकता येत नाही. टाकता येतो फक्त नल, कारण तो सगळ्यांचा आणि कोणाचाच नाही. बाहेर काढताना मात्र काही अडचण नाही; जे निघेल ते निदान नंबर असणारच.

उलट बाजूला ‘सुपर’ आहे. ‘लिस्ट<? सुपर इंटिजर>’ म्हणजे इंटिजर किंवा त्याच्या वरच्या कुठल्यातरी टाइपची लिस्ट: इंटिजरची, नंबरची, ऑब्जेक्टची. हिच्यात इंटिजर बेलाशक टाका. पण बाहेर काढाल ते फक्त ऑब्जेक्ट म्हणून मिळेल. एक्स्टेंड्स लावला की वाचता येतं, भरता येत नाही. सुपर लावला की भरता येतं, वाचलेलं मात्र निरुपयोगी. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जाव्हा’मध्ये यासाठी ‘पेक्स’ असं लघुरूप दिलं आणि ते मुलाखतींमध्ये अजून विचारतात: ‘प्रोड्यूसर एक्स्टेंड्स, कन्झ्युमर सुपर’, म्हणजे माल देणाऱ्याला एक्स्टेंड्स, माल घेणाऱ्याला सुपर. कलेक्शन्स क्लासमधली ‘कॉपी’ मेथड याचं चोख उदाहरण आहे. जिथून घ्यायचं ती लिस्ट ‘एक्स्टेंड्स टी’, जिथे टाकायचं ती ‘सुपर टी’.

सुपर फक्त प्रश्नचिन्हाला लागतो. नाव असलेल्या टाइप पॅरामीटरला तो लावून ‘टी सुपर इंटिजर’ असं जाव्हा लिहू देत नाही. स्कालामध्ये लावता येतं आणि तिथे रोज वापरतात. ऑप्शनवरची ‘गेटऑरएल्स’ त्याच्यावरच चालते. गंमत अशी की, स्काला बनवणारे मार्टिन ओडर्स्की हे जाव्हाच्या जेनेरिक्सच्या मूळ आराखड्याच्या, १९९८ च्या ‘जीजे’च्या, चार कर्त्यांपैकी एक. गिलाड ब्राखा, डेव्हिड स्टाउटमायर आणि फिलिप वॉडलर हे बाकीचे तिघे. वाइल्डकार्ड मात्र जीजेमध्ये नव्हते. ते नंतर, दुसऱ्या संशोधनातून येऊन बसले.

एवढी शिदोरी घेऊन आता जाव्हाच्या लायब्ररीतली एक ओळ उलगडू. कलेक्शनमधला सर्वांत मोठा घटक शोधणारी ‘मॅक्स’ मेथड. तिची सही अशी आहे:

<टी एक्स्टेंड्स ऑब्जेक्ट & कंपेरेबल<? सुपर टी>> टी मॅक्स(कलेक्शन<? एक्स्टेंड्स टी>)

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे मुद्दाम अवघड केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येक तुकड्यामागे एकेक ठोस अडचण आहे. आपणच ही सही पहिल्यापासून लिहायला घेऊ.

मोठा-लहान ठरवायला घटकांची तुलना करता यायला हवी, म्हणजे ‘कंपेअरटू’ मेथड हवी. ती कंपेरेबल या इंटरफेसमध्ये आहे. म्हणून पहिला प्रयत्न: टी एक्स्टेंड्स कंपेरेबल<टी>. म्हणजे टीची तुलना टीशीच करता आली पाहिजे. इथे टी स्वतःच्याच बाउंडमध्ये आला. हे चुकून झालेलं नाही. लुका कार्डेली आणि पीटर वेग्नर यांनी १९८५ च्या एका प्रसिद्ध लेखात बाउंड घातलेल्या टाइपची मांडणी केली होती. बाउंडमध्ये तोच टाइप पुन्हा येण्याची सोय १९८९ मध्ये आणखी एका निबंधाने दिली आणि तिला ‘एफ-बाउंडेड’ म्हणतात. इंटिजर आणि स्ट्रिंग यांच्यासाठी एवढं पुरतं, कारण इंटिजर हा कंपेरेबल<इंटिजर> आहे.

आता तारखांची लिस्ट घ्या, लोकलडेटची. शेवटची तारीख काढायची आहे. आपली सही नापास होते. लोकलडेट हा कंपेरेबल<लोकलडेट> नाहीच. २०१४ साली जाव्हाच्या आठव्या आवृत्तीत तारखांची नवी लायब्ररी आली, तेव्हा वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखांची एकमेकींशी तुलना व्हावी म्हणून कंपेरेबल वरच्या इंटरफेसवर ठेवला. क्रोनोलोकलडेट हा कंपेरेबल<क्रोनोलोकलडेट> आहे, आणि लोकलडेटला तो वारशाने मिळतो. म्हणजे लोकलडेटची तुलना कुठल्याही क्रोनोलोकलडेटशी होते, त्यात दुसरा लोकलडेट आलाच. तुलना करता येते आहे, पण आपल्या बाउंडला ती दिसत नाही. चूक बाउंडची: त्याने गरजेपेक्षा जास्त मागितलं. आपल्याला टीशी तुलना करू शकणारा कोणी हवा आहे, मग तो टीच्या वरच्या कुठल्याही टाइपशी तुलना करत असला तरी आपलं काम होतं. कंपेअरटू टी घेते, म्हणजे ती माल घेणारी आहे, म्हणून सुपर. कंपेरेबल<? सुपर टी>. तारखा चालायला लागल्या.

राहिला ‘ऑब्जेक्ट &’ हा तुकडा. प्रत्येक क्लास ऑब्जेक्टचाच उपप्रकार असतो, मग ते कशाला लिहायचं? टाइपच्या दृष्टीने त्याला काडीचाही अर्थ नाही. त्याचं कारण मागच्या काळात आहे. जाव्हाचे जेनेरिक्स कंपाइल होताना पुसले जातात. क्लास फाइलमध्ये टी उरत नाही. त्याच्या जागी त्याचा सर्वांत डावीकडचा बाउंड बसतो, आणि बाउंडच नसेल तर ऑब्जेक्ट. मॅक्स ही मेथड १९९८ पासून, म्हणजे जेनेरिक्सच्या आधीपासून आहे. तेव्हा ती कलेक्शन घ्यायची आणि ऑब्जेक्ट परत द्यायची. त्या काळी कंपाइल झालेल्या प्रत्येक क्लास फाइलमध्ये नोंद आहे: मॅक्स नावाची, कलेक्शन घेणारी, ऑब्जेक्ट परत देणारी मेथड बोलवा. व्हर्च्युअल मशीन मेथड शोधताना परतीचा टाइपही जुळवून बघतं. आता बाउंड नुसता कंपेरेबल ठेवला असता, तर पुसल्यावर मॅक्स कंपेरेबल परत देणारी झाली असती, आणि सहा वर्षांत जगभर साठलेल्या जुन्या जार फाइल नव्या जाव्हावर ‘नोसचमेथडएरर’ देऊन कोसळल्या असत्या. म्हणून डावीकडे ऑब्जेक्ट बसवला. टाइपतपासणीला त्याचा स्पर्शही नाही, पण पुसल्यावर मेथडचा जुना चेहरा तसाच राहतो. बाउंडचा क्रम बदलला तर कंपाइल झालेल्या मेथडची ओळख बदलू शकते, हे लायब्ररी लिहिणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावं.

जाता जाता ईनमबद्दल. तिथला ‘ई एक्स्टेंड्स ईनम<ई>’ हा बाउंडही एफ-बाउंडेड जातीचाच आहे. त्यामुळे वाराची तुलना वाराशीच होते, रंगाशी नाही. फक्त एक गैरसमज टाळायचा: असा बाउंड टी म्हणजे ‘मी स्वतः’ अशी हमी देत नाही. स्वतःच्या क्लासवर असा बाउंड लावला, तर एखादा उपक्लास तिथे आपल्याऐवजी भावंडाचं नाव बिनदिक्कत लिहू शकतो आणि कंपायलर ते मान्य करतो. ईनममध्ये हा खोटेपणा होत नाही, कारण तिथे ते नाव कंपायलर स्वतः भरतो.

टीकडून काय हवं हे कसं सांगायचं, हा प्रश्न इतर भाषांमध्ये वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटना कित्येक वर्षं बाउंडच नव्हते. चुकीचा टाइप दिला की एरर आपल्या ओळीवर न येता लायब्ररीच्या पोटातून पानंच्या पानं बाहेर पडायची, कारण टीकडून काय हवं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आतल्या कोडमध्ये गाडलेलं होतं. ‘कन्सेप्ट्स’ नावाने बाउंड आणायचा घाट घातला, २००९ मध्ये तो प्रमाणाच्या मसुद्यातून काढून टाकला, आणि अखेर २०२० च्या प्रमाणात ते आले. रस्टमध्ये बाउंड ट्रेटवर लावतात आणि तिथला कंपायलर अनेकदा कुठला बाउंड कमी पडतोय ते नावानिशी सांगतो. गोमध्ये जेनेरिक्स २०२२ ला आले. तिथे बाउंडमध्ये टाइपची यादीच देता येते, आणि आधी वळसेदार रेघेचं चिन्ह लावलं की ‘इंट’ आणि इंटवर बेतलेले सगळे टाइप त्यात येतात. ते चिन्ह विसरलं की आपण स्वतः केलेला टाइप नाकारला जातो.

एक गोंधळ मात्र खास जाव्हाचा आहे. स्ट्रिंगच्या लिस्टमध्ये ‘ॲरेज’ची ‘ॲजलिस्ट’ वापरून १ आणि २ भरायला जा. एरर येते: टीचे बाउंड जुळत नाहीत, बरोबरीची अट स्ट्रिंग, खालचा बाउंड इंटिजर. माणूस मेथडची सही उघडून बघतो तर तिथे टीला बाउंडच नाही! मग हे आले कुठून? ते कंपायलरने स्वतः मांडलेले आहेत. टी कुठला हे ओळखताना तो दोन्हीकडून अटी गोळा करतो: डाव्या बाजूने सांगितलं टी म्हणजे स्ट्रिंग, कंसातल्या आकड्यांनी सांगितलं टी निदान इंटिजरएवढा मोठा हवा. दोन्ही एकदम जमत नाहीत, म्हणून तो हात वर करतो. आपण लिहिलेला बाउंड आणि कंपायलरने अनुमानातून काढलेला बाउंड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण एररमध्ये दोन्हींना एकच नाव. अशी एरर आली की मेथडची सही शोधत बसू नये. आपल्याच ओळीच्या दोन टोकांना काय लिहिलंय ते बघावं.

आता डॉक्युमेंटेशनकडे. मॅक्सच्या जाव्हाडॉकमध्ये टीसमोर लिहिलंय: कलेक्शनमधल्या ऑब्जेक्टचा क्लास. घटक कंपेरेबल असावेत आणि त्यांची आपसांत तुलना व्हावी हेही वरच्या मजकुरात आहे. पण ‘सुपर’ का, याबद्दल अक्षर नाही, आणि लोकांना अडतं ते नेमकं तिथेच. माझ्या हातात असतं तर मी टीसमोर असं लिहिलं असतं: ‘टी: घटकांचा टाइप. त्याची तुलना टीशी किंवा टीच्या वरच्या कुठल्याही टाइपशी करता आली तरी पुरे. म्हणून कंपेरेबल वारशाने मिळालेला लोकलडेटही चालतो. ही अट कंपेअरटू बोलवण्यासाठी आहे.’ बंधन, त्यात बसणारं एक न सुचणारं उदाहरण, आणि त्या बंधनातून मेथडला मिळालेली मुभा. ऑब्जेक्टचं कारण मी इथे लिहिणार नाही. ते मेथड वापरणाऱ्याला नको आहे. ते कोडमध्ये, त्या ओळीच्या डोक्यावर कमेंटमध्ये हवं, म्हणजे पुढे कोणी ‘हे तर फालतू आहे’ म्हणून सफाई करायला बसला तर त्याचा हात तिथे थांबेल.